पितरांच्या पंख्यांचा उन्हाळा

सुरतेत पर्वत पाटियाच्या चौकात हातगाड्यांवर डांगरांचे ढीग दिसू लागले की आमच्या घरात आखाजीची चाहूल लागते. डांगर म्हणजे खरबूज. इथले फेरीवाले त्याला सक्करटेटी म्हणतात. पण आखाजीच्या घागरीवर डांगरच ठेवायचं असतं, आणि सक्करटेटी म्हणून आणलेलं फळ आपले पितर ओळखतील की नाही, अशी माझ्या बायकोला, सुनंदाला, दरवर्षी शंका येते. म्हणून मी गाडीवाल्याशी गुजरातीत भाव करतो आणि पिशवी हातात आली की त्या फळाचं डांगर करून घरी नेतो. यंदा किलोमागे दहा रुपये जास्त गेले. वास मात्र तोच, पिकल्या उन्हाचा.

त्या वासाच्या मागोमाग मला हटकून ऑइल पेंटचा वास येतो. बंद वर्गातली धूळ, टर्पेंटाइन, आणि जमिनीवर ओळीनं मांडलेली पंख्यांची पाती. सुनंदा म्हणते, डांगर हुंगून रंगाचा वास येणारा माणूस तिनं दुसरा पाहिलेला नाही. तिनं तो उन्हाळा माझ्याबरोबरच काढला, तरी म्हणते.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. इतरांसाठी तो सोनं घेण्याचा दिवस असेल, आम्हा खानदेशी माणसांसाठी तो दिवाळीच्या तोडीचा सण. लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, आणि घरोघर गेलेल्या माणसांच्या नावानं पाण्याची घागर भरतात. वैशाखात वर गेलेल्यांनाही ऊन लागत असणार, हा त्यातला साधा विचार. म्हणून त्यांच्या नावानं जे गार करतं ते द्यायचं: पाणी, पंखा, छत्री, वहाणा. सुरतेत येऊन आमच्या लोकांचं पुष्कळ काही सुटलं. शेत सुटलं, बैल सुटले, पोरांच्या तोंडची अहिराणी सुटत चालली. आखाजी सुटली नाही. गोडादऱ्यात झोका बांधायला झाड मिळत नाही, तर पोरी गच्चीवरच्या लोखंडी आडव्याला साडी बांधतात आणि खालून लूमची, म्हणजे यंत्रमागांची, खटखट चालू असताना वर झुलतात.

काही वर्षांपूर्वी आमच्या मराठी शाळेच्या समितीनं देणग्या मागायला हाच मुहूर्त धरला. मी तिथला खजिनदार. दिवसा रिंगरोडच्या मार्केटात एका साडीच्या पेढीवर हिशोब लिहितो आणि संध्याकाळी शाळेचा, फरक एवढाच की शाळेत चहा स्वतःच्या पैशाचा. मुहूर्ताची कल्पना आमच्या अध्यक्षांची, अण्णांची. अण्णांचे स्वतःचे लूम आहेत, त्यामुळे खटखटीतही ऐकू येईल एवढ्या आवाजातच ते बोलतात.

"नाना, आखाजीला माणसाचा हात सैल असतो," ते म्हणाले. "बापाच्या नावानं मागितलं की कोणी नाही म्हणत नाही."

म्हणून आम्ही निरोप पाठवला: पूर्वजांच्या स्मरणार्थ आपल्या शाळेला काहीतरी द्या.

लोकांनी पंखे दिले.

दुसरं काय देणार? आखाजीला पितरांच्या नावानं पंखाच देतात. पूर्वी हातपंखा देत, आता छताचा. गोडादऱ्यातून आले, लिंबायतमधून आले, भेस्तानहून एकजण रिक्षात तीन खोकी मांडीवर घेऊन आला, आई, वडील आणि मोठा भाऊ. सगळे मिळून एकोणतीस पंखे झाले, शिवाय पाण्याचे चार कूलर. शाळेत पंख्याचे हूक होते सोळा. काही पैसे रोख आले, पण पावती फाडताना प्रत्येकानं बजावून सांगितलं, "पंख्याचेच हं, नाना."

आणि प्रत्येक पंख्यावर नाव हवं होतं. नाव पात्यांवर. पहिल्या पात्यावर 'कै.' आणि नाव, दुसऱ्यावर वडिलांचं नाव आणि आडनाव, तिसऱ्यावर देणाऱ्याचं. आमचा पेंटर सातवीच्या वर्गात मांडी घालून बसला आणि आठवडाभर लाल रंगात 'कै.' लिहीत राहिला. पंखे लागल्यावर एकेक कुटुंब बघायला येई. पंखा सुरू असला की नाव दिसत नाही, म्हणून ते बंद करायला लावत आणि घाम पुसत, माना वर करून आपला माणूस वाचत. एका आजोबांनी वाचून झाल्यावर हळूच सांगितलं, "आता फिरवा. त्यांना गरमी सहन व्हायची नाही."

मला ते दिवस आठवून आजही हसू येतं आणि बरंही वाटतं. सातवीच्या वर्गात आम्ही चार पंखे बसवले होते. चारही एकदम लावले तेव्हा भिंतीवरचा भारताचा नकाशा सुटून थेट बाहेरच्या ओट्यावर गेला. मुख्याध्यापिका बोरसेबाई त्या वाऱ्यात साडीचा पदर दोन्ही हातांनी धरून उभ्या होत्या. त्या हसल्या, आणि मग एकदम हसायच्या थांबल्या.

"नाना, आणि पोरींचं काय?"

पोरींचं म्हणजे संडासाचं. शाळेमागे एक जुनं होतं, मुलामुलींना मिळून. दार खालून कुजलेलं, कडी तुटलेली, पाणी बादलीनं न्यायचं. लहान पोरी दोघी-दोघी जात, एक आत, एक दार धरून. मोठ्या पोरी जातच नसत. सकाळी घरून पाण्याचा घोटही न घेता येत आणि दुपारी तशाच परत. आठवी झाली की आया दाखला काढून नेत. त्या वर्षी नववीत जाणाऱ्या अकरा मुली होत्या, त्यातल्या सात जणींच्या घरून दाखल्यासाठी अर्ज आले होते. उरलेल्या चार मुली आणि मूठभर मुलं यांच्यावर नववीचा वर्ग उघडता येत नव्हता.

त्या सातांपैकी एक आमच्या गल्लीतली जयश्री. चष्मा, दोन वेण्या, आणि तोंड असं की अण्णाही तिच्याशी बोलताना आवाज खाली आणत. तिची आई उषा घरी बसून साड्यांवर स्टोन चिकटवण्याचं जॉबवर्क करते. जूनपासून जयश्रीनं तिच्याशेजारी बसायचं ठरलं होतं. उषाला पोरीला शिकवायचं नव्हतं असं नाही. ती मला सरळ म्हणाली होती, "नाना, पोर मोठी झाली. महिन्याचे चार दिवस ती तिथं काय करेल, तुम्ही सांगा."

शाळेत खोकी मोजत होतो तेव्हा जयश्री दारात येऊन उभी राहिली.

"नानाकाका, एवढे पंखे लावून आम्हाला वाळवणार का?"

"तुला काय करायचंय? तू तर चाललीस."

"मी कुठं चालले? मला पाठवताहेत." असं म्हणून तिनं एका पात्यावरचं नाव मोठ्यानं वाचलं, "कैलासवासी. बघा, यांना जागा मिळाली शाळेत."

ती गेल्यावर अण्णा म्हणाले, "नाना, जास्तीचे पंखे दुकानदार परत घेईल. ते पैसे संडासाला लाव. कोण विचारतंय?"

"मी विचारतोय," मी म्हणालो. ज्यानं पंखा म्हणून दिलं त्याचा पंखाच झाला पाहिजे, नाहीतर त्याला विचारलं पाहिजे. माझं अजूनही तेच मत आहे. शाळा लोकांच्या विश्वासावर उभी असते. तो एकदा सैल झाला की पुढच्या आखाजीला पंखाही येत नाही. पण घरी सुनंदाला हे सगळं पटवून सांगितलं, तेव्हा ती पुरणाच्या पोळीवर तूप सोडत म्हणाली, "ठीक आहे. तुमच्या हिशोबात ती पोरगी कुठल्या खात्यात बसते, तेवढं मला सांगा."

तेव्हा मी विचारायला निघालो. दुपारी पेढीवर जेवणाच्या सुट्टीत फोन, संध्याकाळी दारोदार. माझी मागणी साधी होती: तुमचा पंखा आम्ही संडासात बदलला तर चालेल का? दारात स्वागत होई, कैरीचं पन्हं येई, आणि मग हा प्रश्न ऐकून पन्हं देणाऱ्याचा चेहरा बदले.

"काय बोलता, नाना! माझ्या बापाचं नाव संडासावर?"

"नाव नको असेल तर नुसतेच..."

"नाव नको? मग दिलं कोणी, हे बापाला कसं कळणार?"

भेस्तानच्या तीन खोकीवाल्यानं तर हात जोडले. "नाना, आणखी एक पंखा घ्या, पण हे मागू नका." आणि खरोखर आणखी एक पंखा दिला. तीस झाले. एका भल्या माणसानं संडासात पंखा बसवायची तयारी दाखवली, फक्त नाव बाहेरच्या बाजूनं दिसायला हवं होतं. मी घामाघूम होऊन घरी यायचो आणि सुनंदा विचारायची, "आज किती पंखे मिळाले?"

आता इतक्या वर्षांनी वाटतं, त्यात कोणी कंजूष नव्हतं, कोणी वाईटही नव्हतं. ज्या माणसानं साऱ्या आयुष्यात गावाकडे एक खोली आणि सुरतेत एक खोली एवढंच केलं, त्याचं नाव मुलगा कुठंतरी लिहू पाहत होता. ते चांगल्या जागी असावं, एवढंच त्याला वाटत होतं. चांगली जागा कोणती, यावर आमचं जमत नव्हतं.

इंदूमावशी त्या सुमारास घरी आल्या. मावशी म्हणजे गोडादऱ्यातली जुनी खानावळ. खानदेशातून एकटी येणारी पोरं, लूमवर लागणारी, सगळी आधी त्यांच्या पंगतीला बसलेली. मीही. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, ठेचा, शनिवारी शेवभाजी, आणि कोणी ताटात टाकलं तर चारचौघांत उद्धार. काका जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही, खानावळ गुडघ्यांमुळे बंद केली. ती खोली मात्र त्यांच्या नावावर.

कूलरसमोर बसून त्यांनी डांगराची फोड संपवली आणि मला म्हणाल्या, "नाना, मन्ही खोली शाळेला लिहून द्यायचीय. मन्हामांगे. कसं लिखतस ते तू लिख."

मला फार आनंद झाला. मी त्यांना नीट समजावलं, मृत्युपत्र म्हणजे काय, साक्षीदार दोन लागतात, नोंदणी केलेली बरी, खोली तुम्ही असेपर्यंत तुमचीच आणि नंतर शाळेची.

"शाळेला आते काय कमी शे?"

सुनंदानं आतून उत्तर दिलं. सगळं सांगितलं, जुन्या दारापासून जयश्रीच्या दाखल्यापर्यंत. मावशींचं सालपट हातात तसंच राहिलं.

"आणि मन्ही खोली कधी भेटेल त्यांना?"

"तुमच्यामागे, मावशी. शंभर वर्षांनी."

"मंग पोरींनी मी मरायची वाट बघायची का रे? आणि तवर दाबून धरायचं?"

सुनंदाला हसू आवरेना. मावशी मात्र हसल्या नाहीत. सालपट ताटात ठेवत म्हणाल्या, "आम्ही आलो तवा इथं खाडीच्या काठाला जायचो. पहाटे अंधारात, बायाबायांनी मिळून. साप परवडला, पण उजाडलेलं परवडायचं नाही. बरीच वर्षं गेलो. तवा पण सगळे देवळाला वर्गणी मागायचे."

दुसऱ्या दिवशी त्या मला घेऊन बँकेत गेल्या. त्यांच्या नावावर एक ठेव होती, आणि ती कशासाठी हे गोडादऱ्यात सगळ्यांना ठाऊक होतं. ती त्यांच्या स्वतःच्या गंधमुक्तीची, म्हणजे तेराव्या दिवसाच्या जेवणाची. मागे कोणी नाही, आणि खानावळवालीच्या तेराव्याला कोणी उपाशी गेलं तर नाक कापलं जाईल, म्हणून त्यांनी तजवीज करून ठेवली होती. मेनूसुद्धा ठरलेला.

"मावशी, हा पैसा त्या कामाचा आहे," मी म्हणालो. स्वभाव जात नाही. "लोक विचारतील."

"ज्यांनी जेवायचं ते आजवर जेवले ना मन्ह्या हातचं? एक पंगत कमी, एवढंच. तू नको काळजी करू, तुला घरी बोलावून खाऊ घालेल." मग काउंटरवर कोपर टेकून म्हणाल्या, "पण मन्हं नाव लिखा. मोठं लिखा. रस्त्यावरून दिसलं पाहिजे. आणि खोलीची घाई करू नका."

त्या पैशात दोन संडास, हात धुण्याची जागा, वरची टाकी आणि आतून फरशी असा अंदाज बसला. थोडे कमी पडत होते, ते अण्णांनी घातले. नाव लावू नका म्हणाले, आणि हे त्यांनी प्रथमच हळू आवाजात सांगितलं.

मे महिन्यातलं ते बांधकाम मला अजून अंगाला जाणवतं. ओल्या सिमेंटचा गार वास, भाजलेल्या विटांवर पाणी मारलं की निघणारी वाफ, दुपारी सामसूम झालेली शाळा आणि शेजारच्या शेडमधून येणारी खटखट. संध्याकाळी तापीकडून वारा यायचा आणि गोळेवाल्याची घंटा. मी पेढीवरून थेट तिथं जायचो. फाटकाशी कडुलिंबाखाली प्लॅस्टिकच्या खुर्चीत मावशी बसलेल्या असायच्या, गुडघ्यांवर ओला पंचा, मांडीवर डबा. गवंड्याला त्या खिचडी-कढी खाऊ घालत आणि त्याच तोंडानं ओरडत.

"खिडकी वर घे, वर! रस्त्यावरचा उंट डोकावेल आत."

"माजी, यहाँ ऊँट कहाँ से आयेगा?"

"दोन पायाचे शेतस ना पुष्कळ. वर घे."

खिडकी वर गेली. मी रेतीच्या पावत्या तपासायचो आणि खोटं नाही सांगत, तिथं बसून मला पेढीवरच्या कुठल्याही दिवाळीत वाटलं नाही एवढं सुख वाटायचं. हिशोबात जे लिहितो ते सहसा डोळ्यांना दिसत नाही. इथं लिहिलेलं दुसऱ्या दिवशी भिंत होऊन उभं राहायचं. बोरसेबाई रोज येऊन जायच्या. दाखल्याचे सात अर्ज त्यांनी कपाटात ठेवले होते आणि त्यांच्यावर सही करायला त्यांचं पेन रोज संपलेलं असायचं.

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी पेंटरनं नाव लिहिलं. त्याचा हात आठवडाभर एकाच वळणावर पडलेला. संध्याकाळी आम्ही सगळे बघायला गेलो, तर हातभर लाल अक्षरांत 'कै. इंदूबाई'.

मावशींना वाचता येतं जेमतेम, पण तीस पंख्यांनंतर ही अक्षरं ओळखायला शिकण्याची गरज नव्हती.

"काबर रे मेल्या? मी काय मरेल शे का?"

पेंटर शिडीवरून पडायचा राहिला. त्यानं पुसलं, रॉकेल लावलं, पुन्हा रंगवलं. मावशी खाली उभ्या राहून त्याला दम देत होत्या आणि हसून हसून त्यांना खोकला लागला होता. परवा आखाजीचं बोलावणं द्यायला गेलो, तेव्हाही त्यांनी तो किस्सा मलाच पहिल्यांदा सांगत असल्यासारखा सांगितला. खोली अजून त्यांचीच आहे. शाळेला घाई नाही.

सकाळी उद्घाटन. रिबीन, नारळ, अण्णांचं भाषण. पंखे देणारे झाडून आले होते, भेस्तानचा तीन खोकीवाला सगळ्यांत पुढं. बोरसेबाईंनी अर्ज दिलेल्या सातही आयांना निरोप पाठवले होते. त्या मागं, भिंतीला लागून, पदर सावरत उभ्या होत्या. उषा त्यांच्यात. जयश्री तिच्या शेजारी, एरवीचं तोंड बंद करून.

मावशींनी रिबीन कापली. टाळ्या पडायच्या आत त्या आत गेल्या आणि आतून कडी लागल्याचा आवाज आला.

आम्ही थांबलो. अण्णांच्या हातात नारळ तसाच. अण्णांनी माझ्याकडे बघितलं, मी सुनंदाकडे, आणि सुनंदानं आभाळाकडे. मग आतून पाण्याचा मोठा आवाज आला आणि मावशी बाहेर आल्या, हात पुसत, चेहऱ्यावर समाधान.

"पाणी चांगलं येतं," त्यांनी सगळ्यांना सांगितलं. "पण आत खुंटी नाही. पोरींनी ओढणी कुठं टांगायची? नाना, खुंट्या आण."

हशा पिकला. त्या हशातच मागच्या बाया पुढं सरकल्या. एकेक आत जाई, कडी लावून बघे, काढून बघे, नळ सोडे, खिडकीकडे मान वर करी. होणाऱ्या सुनेचं घर बघायला जातात तशा त्या बघत होत्या, खोट काढायच्या तयारीनं. उषा सगळ्यांत शेवटी गेली आणि सगळ्यांत उशिरा बाहेर आली. तिनं कडी तीनदा लावून बघितल्याचं मी ऐकलं.

बाहेर येऊन ती बोरसेबाईंसमोर उभी राहिली. जयश्रीनं चष्मा काढला, पुसला आणि परत घातला.

"बाई," उषा म्हणाली, "नववीला वह्या किती लागतात?"

बोरसेबाईंनी पदर तोंडाला लावला. कोणीतरी सांगायला हवंच होतं, म्हणून मी सांगितलं. विषय सात, प्रत्येकी दोन धरल्या तर चौदा, आणि एक कच्ची.

"कच्च्या दोन," जयश्री म्हणाली.